निझव्याहून समुद्र दिसत नाही

आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. अब्बा मस्कतला ट्रक चालवत होते, त्या काळातली. तेव्हा पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागत. म्हणून कोकणातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही आवाज भरलेली कॅसेट यायची, सुट्टीवर गावी निघालेल्या कोणाच्या तरी हाती. त्यांतल्या एका कॅसेटमध्ये अब्बांनी निझव्याच्या किल्ल्याचे वर्णन केले आहे. प्रचंड गोल बुरूज, अंधारा जिना, शत्रूच्या अंगावर ओतायचा उकळता खजुराचा रस आणि वर पोचले की समोर निळा समुद्र! अम्मी भाकऱ्या थापताना ती कॅसेट लावायच्या. आम्हा भावंडांना ती तोंडपाठ झाली होती. पुढे शिक्षक झालो. वर्गात किल्ल्यांचा विषय निघाला की महाराष्ट्रातले किल्ले सांगून झाल्यावर निझव्याचा किल्लाही सांगत आलो, समुद्रासकट.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने सर्वांना मस्कतला बोलावले. त्याचीही नोकरी आता तिथेच आहे. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. पण "येतो" म्हणाले. सव्वीस वर्षे ज्या देशात काढली, तिथे पाहुणे म्हणून ते पहिल्यांदाच जात होते.

मस्कतहून निझवा सुमारे १६० किलोमीटर. रस्ता समाईलच्या खोऱ्यातून जातो. हजर पर्वताची रांग किनाऱ्याला समांतर भिंतीसारखी उभी आहे आणि त्या भिंतीतली मोठी वाट म्हणजे हे खोरे. डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. गवताची काडी नाही, माती नाही. नुसता तांबूस-काळा उघडा खडक. तळाशी वादी, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ कोरडी असलेली नदी, आणि तिच्या काठाला खजुरीचा हिरवा पट्टा. आतल्या मुलखातला माल याच वाटेने किनाऱ्याला यायचा आणि किनाऱ्यावरचा शत्रूही याच वाटेने आत शिरू शकायचा. म्हणून जिथे पाणी तिथे गाव, गावाला तट आणि जवळच्या टेकडीवर पहाऱ्याचा बुरूज. फंजा, बिदबिद, समाईल... गाडीतून मुले बुरूज मोजत होती. तिसापर्यंत मोजले आणि कंटाळली.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा प्रवासात दुसरेच खेळणे सापडते. तिथल्या पाट्यांवरचे अर्धे शब्द आपलेच. 'बुर्ज' म्हणजे आपला बुरूज, 'कलआ' म्हणजे किल्ला. राहता किल्ला असेल तर त्याला 'हिस्न' म्हणतात; 'हिस्नुल मुस्लिम' हे दुआंचे छोटे पुस्तक घरोघरी असते, त्यातला हिस्न हाच. आणि महाल म्हणजे 'कस्र'. मुलीने वहीत लिहून पाहिले: काफ, साद, रे. प्रवासात कमी करून पढायच्या नमाजलाही कस्रच म्हणतात आणि तीही याच तीन अक्षरांनी लिहितात. "म्हणजे महालात नमाज पढली तर कस्रमध्ये कस्र!" म्हणून ती बराच वेळ हसत होती.

समाईलला माझिन बिन गदूबा यांच्या नावाची मशीद आहे. ओमानमध्ये इस्लाम स्वीकारणारे ते पहिले आणि ही देशातली पहिली मशीद, असे परंपरा सांगते. बांधकाम आज नवे आहे. दोन रकात पढून पुढे निघालो. बिरकत अल मौझला चहासाठी थांबलो. केळ्याला अरबीत मौझ म्हणतात, आणि गावात केळी खरोखरच आहेत. बागांच्या वर उतारावर जुनी मातीची वस्ती ओस पडली आहे.

निझव्याला पोचलो तेव्हा उन्हे चढली होती. बाजार किल्ल्याला अगदी खेटून. अब्बांनी किल्ल्याकडे पाहिले, मग पायऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे सावलीत बसतो."

किल्ल्याचा गोल बुरूज इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधला. १६५० साली मस्कतमधून पोर्तुगिजांना घालवले ते हेच इमाम. तेच पोर्तुगीज तेव्हा आपल्याकडे चौल आणि वसईला ठाण मांडून होते. बांधकाम बारा वर्षे चालले, असे सांगतात. तो काळ तोफांचा, म्हणून बुरूज आतून बऱ्याच उंचीपर्यंत माती-दगडांनी भरून काढला आहे; गोळा बसला तरी धक्का मातीने पचवावा. वर जायचा जिना अरुंद, वळणावळणाचा आणि मध्येमध्ये जाड लाकडी दारांनी अडवलेला. दारापुढे खड्डा, त्यावर फळी. वेळ आली की फळी काढून घ्यायची. अंधारात आत घुसलेला शत्रू सरळ खाली. दाराच्या वर छतात फट, तीतून उकळता खजुराचा रस ओतायचा. त्या रसाची कोठारेही पाहिली. जमिनीवर पन्हाळीसारख्या चरी आहेत, त्यांवर खजुराची पोती थराथराने रचायची. वरच्या वजनाने खालच्या पोत्यांतला रस चरीत उतरतो आणि कडेच्या खड्ड्यात साठतो. एरवी तो मुलाबाळांना खायला, वेढ्याच्या दिवसांत हत्यार. कॅसेटमधला शब्द न् शब्द खरा निघाला.

मग आम्ही वर पोचलो. चहूकडे पाहिले. खाली मशिदीचा घुमट, त्याभोवती दूरवर खजुरीचे शेंडे आणि त्यांच्या मागे जबल अखदरची करडी भिंत. समुद्र नव्हता. असणार कसा? तो त्या डोंगरांच्या पलीकडे, दोन तासांच्या वाटेवर राहिला होता. नकाशा कितीदा पाहिला असेल, वर्गात टांगलाही असेल. पण कॅसेटवरचा समुद्र कधी नकाशावर शोधला नव्हता.

खाली आलो तेव्हा अब्बा एका हलव्याच्या दुकानापुढे काहवा पीत बसले होते. (आपल्याकडे 'मस्कती हलवा' म्हणून जो मिळतो तो वेगळा. इथला गडद तपकिरी, तुपाळ, केशर-गुलाबपाण्याचा. चमचाभर पुरे होतो.) मुलगी म्हणाली, "दादा, वरून समुद्र दिसतच नाही."

अब्बांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी कुठे वर गेलो होतो?"

माल याच बाजारात उतरायचा. फरशा, सिमेंट, कधी फ्रिज. उतरवून मगरिबच्या आत गाडी मस्कतला लावायची. हलव्याचा एक म्हातारा दुकानदार मोडक्या हिंदीत किल्ल्याच्या गोष्टी सांगायचा. रस, जिना, खड्डे सगळे त्याचे. समुद्र तेवढा अब्बांचा. "आपल्याकडचे जयगड, रत्नदुर्ग सगळे समुद्रावरच. मला वाटले, किल्ला म्हटला की समुद्र असायचाच."

खोटे कशाला सांगायचे, आम्हाला क्षणभर रागच आला. वीस वर्षे मुलांना चुकीचे शिकवले! अम्मींना हे माहीत होते का, असे विचारायचे ओठांवर आले. पण जोहरची अजान झाली. मशिदीत शेजारच्या ओमानी माणसाने हात बांधले नाहीत, बाजूला सोडूनच तो उभा राहिला. इबादी लोक तसेच पढतात. मुलगा टक लावून पाहू लागला तेव्हा अब्बा हळूच म्हणाले, "सव्वीस वर्षे यांच्याच खांद्याला खांदा लावून पढलो. समोर बघ."

दुसऱ्या दिवशी बहला. हा किल्ला निझव्याच्या बुरुजाहून जुना, बाराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत इथे सत्ता असलेल्या बनू नबहान घराण्याचा. पाया दगडाचा, वरचे सगळे कच्च्या विटांचे. आणि नुसता किल्ला नव्हे, गाव, बागा, बाजार या सर्वांना कवेत घेणारा सुमारे १२ किलोमीटरचा मातीचा तट! १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि पुढच्याच वर्षी धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही. मातीची भिंत दर पावसात थोडी थोडी वाहून जाते. डागडुजी होऊन २००४ साली त्या दुसऱ्या यादीतून नाव निघाले. दर उन्हाळ्यात घराच्या भिंती लिंपणारी आपली आजी आम्हाला इथे आठवली. मातीच्या घराला माणूस राहता लागतो.

जवळच जबरीन. सुमारे १६७० साली सुलतान बिन सैफ यांचा मुलगा बिलारब याने बांधलेला हा किल्ला लढाईपेक्षा राहण्याचा आणि शिकण्याचा. छतांवर फुलांची नक्षी, वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या. आम्ही शिक्षक तिथे रेंगाळणारच. इतक्या सुंदर घराचा शेवट मात्र भाऊबंदकीत झाला. सख्ख्या भावाने वेढा दिला, बिलारब इथेच वारला. त्याची कबर खालीच आहे.

पण मन रमले ते मिस्फाहला. अल हमरा गावाच्या वर, डोंगराच्या कडेला मोठ्या शिळांवर चढवलेली दगड-मातीची घरे. गल्ल्या कुठे कुठे घरांच्या पोटातून जातात. या गावाला तटबंदी वेगळी नको, घरांची रांग हाच तट. आणि मध्यातून वाहतो फलज, हातभर रुंदीचा पाट. डोंगरातले पाणी कोणत्याही पंपाशिवाय, नुसत्या उताराने आणलेले. पाण्याचा क्रम ठरलेला: आधी पिण्याचे, मग वुजू आणि अंघोळीचे, शेवटी बागांचे. बागांच्या पाळ्या वेळेवर मोजतात. अर्ध्या तासाच्या मापाला 'असर' म्हणतात. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ते मोजत. काही पाळ्या मशिदीसाठी वक्फ असतात. आमच्या वाडीत एका विहिरीवरून दोन घरे आठ वर्षे बोलत नाहीत, ते आठवून आम्ही गप्प झालो. बुरूज, खड्डे, उकळता रस हे सगळे शेवटी या हातभर पाटासाठी आणि त्याच्या काठच्या खजुरीसाठी होते.

अब्बांना हात धरून पाटापर्यंत नेले. पिण्याची जागा वरच्या अंगाला होती. खाली बागेच्या कडेला त्यांनी पाय पाण्यात सोडले. मग आपणहून म्हणाले, "तुमच्या अम्मीला सांगितले होते समुद्राचे. ती म्हणाली, पोरांना नका सांगू, राहू दे."

परतताना बिदबिदच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. एका टेकाडावर छोटा गोल बुरूज होता, पाटी नाही, तिकीट नाही. खाली पूर्वी केरळच्या एका माणसाचे चहाचे दुकान होते म्हणे. आता तिथे नुसता रुंद रस्ता. अब्बा गाडीला टेकून उभे राहिले आणि बोटाने वर दाखवत म्हणाले, "हा मात्र मी चढलोय. गाडी बंद पडली होती, दिवसभर इथेच होतो."

"वरून काय दिसते, दादा?"

"रस्ता."