पान पिवळें पडलें म्हणजे

खिडकींतल्या कुंडींत एखादें पान पिवळें पडलें, कीं घरांतील प्रत्येक माणूस क्षणार्धांत वैद्य बनतो. कोणी शेणखत घालावयास सांगतो, कोणी चहाचा चोथा, कोणी नुसतें पाणी. उपचारांची यादी तयार असते. निदानाची गरज मात्र कोणालाच भासत नाहीं. पिवळें पडलें म्हणजे उपाशी आहे, आणि उपाशी आहे म्हणजे वाढावें, ही आपली उदार समजूत! परंतु "काय द्यावें?" या प्रश्नाच्या आधीं "कोणतें पान पिवळें पडलें?" हें विचारावयास हवें, असें खिडकीशीं बसून फुलझाडें वाढवितां वाढवितां माझें मत झालें आहे.

कारण झाडाच्या संसारांतही वडील आणि धाकटे असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम हीं द्रव्यें झाडाला एका पानांतून दुसऱ्या पानांत नेतां येतात. त्यांची टंचाई झाली, कीं तळच्या जुन्या पानांतून काढून झाड तीं शेंड्याकडच्या कोवळ्या पानांस पोंचवितें. म्हणून नत्र कमी पडल्यास खालचीं पानें सरसकट पिवळीं होतात. पालाश कमी पडल्यास त्यांच्या कडा करपतात. आणि मॅग्नेशियम कमी पडल्यास शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका होतो. लोह आणि कॅल्शियम यांची रीत उलट. जुन्या पानांत एकदां स्थिरावल्यावर तीं सहसा हलत नाहींत; त्यामुळें दुःख शेंड्याला होतें. कॅल्शियम न मिळाल्यास कोवळा शेंडा वेडावांकडा होऊन मरतो. लोह न मिळाल्यास नवें पान शिरांची हिरवी जाळी तेवढी राखून पिवळें, पुढें पांढुरकें होत जातें. अर्थात् या साऱ्याच्या आधीं मातींत बोट घालून पाहावें. पाणी सांचून मुळें कुजलीं असलीं, तरीही पानें पिवळींच पडतात.

वडील वारल्यानंतर आई कोंकणांतलें घर बंद करून पुण्यास आमच्याकडे राहावयास आली. तिच्या सामानांत परसांतल्या अनंताचें एक रोप होतें. येथली काळी माती, भरपूर खत आणि बोअरवेलचें पाणी देऊन तें पूर्वेच्या खिडकींत ठेवलें. वर्ष उलटलें नाहीं तोंच कळ्या गळूं लागल्या. तळचीं पानें हिरवींगार होतीं; शेंड्याचीं मात्र पिवळीं, आणि त्यांवर हिरव्या शिरांची जाळी. कुंडीच्या कांठावर क्षारांचा पांढरा थर बसला होता. शेजाऱ्यांनीं आणखी खत सुचविलें. आई म्हणाली, "खायला पुष्कळ आहे रे त्याला. इथलं पाणी मानवत नाहीं."

तिनें एका वाक्यांत सांगितलें तें रसायनशास्त्राला मान्य आहे. कोंकणांतली जांभ्याची तांबडी माती आम्ल असते, आणि अनंताला तशीच माती लागते. घाटावरच्या काळ्या मातींत चुनखडी असते. लोह त्या मातींतही असतें. पण चुन्याच्या सहवासांत तें विरघळत नाहीं, आणि न विरघळलेलें लोह मुळांना घेतां येत नाहीं. ताट वाढलेलें, पण घांस उचलत नाहीं, अशी ही स्थिति! एझेब ग्री नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १८४३ च्या सुमारास लोहाच्या क्षारांनीं फिकीं पानें हिरवीं होतात, हें दाखविलें होतें. तेंच मीं करून पाहिलें. हिराकसाचें अगदीं सौम्य पाणी एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागास लावलें; कांहीं दिवसांनीं तेवढाच अर्धा भाग हिरवा दिसूं लागला. निदान ठरलें. मग गांवाहून जांभ्याची माती आणविली, तींत पालापाचोळ्याचें खत मिसळलें, आणि पावसाचें पाणी सांठवून तेंच घालावयास सुरुवात केली.

त्या दिवसांत आईचेंही जेवण उतरलें होतें. दूध, फळें, औषधें, कशाची वाण नव्हती. डॉक्टरांनीं तपासून रोग नाहीं म्हणून सांगितलें. "आणखी काय आणूं?" असें मी तिला रोज विचारीत असें, आणि "कांहीं नको" असें ती रोज सांगे. अखेर पत्नीनें विचारणें सोडलें आणि उकड्या तांदळाची पोतडी आणून स्वयंपाकघरांतली सकाळची चूल आईच्या हवालीं केली. दुसऱ्या दिवसापासून घरांत पेज शिजूं लागली. ती आधीं आम्हांला वाढून मग आई स्वतः घेई.

उपाय लागू पडला कीं नाहीं, हें जुन्या पानांवरून ओळखूं नये. पुरतीं पांढरीं पडलेलीं पानें पूर्ववत् होत नाहींत. खूण पाहावयाची ती नव्या पालवींत. आई पुण्याची झाली असें मी म्हणणार नाहीं. बोलतांना अजूनही ती "आमच्याकडे" म्हणते तें कोंकणालाच. पण यंदा ज्येष्ठांत अनंताला चार फुलें आलीं. त्यांतलें एक तिनें देवाला वाहिलें, एक सुनेला दिलें, आणि उरलेलीं दोन घेऊन, कोणी सांगितल्यावांचून, ती जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेली. परत आली ती तासाभरानें.