खाणं वेगळं, अंगी लागणं वेगळं

माझ्या भाईजानच्या पोटात आता फक्त ११० सेंटीमीटर लहान आतडं उरलं आहे. मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, बराचसा भाग काळा पडला. तो कापून काढला म्हणून भाईजान वाचले. २०० सेंटीमीटरपेक्षा कमी आतडं उरलं, की डॉक्टर त्याला ‘शॉर्ट बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. जगण्यापुरतं अन्नपाणीही त्यातून मिळेना आणि ते शिरेतून द्यावं लागलं, तर आतडं निकामी झालं असं समजतात.

‘एवढं खातात, मग वाळत का चाललेत?’ खाला विचारते. मी भाषा शिकवते, त्यामुळे मला उत्तर भाषेतच सापडलं. आपण म्हणतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. अंगी लावायचं काम लहान आतड्याचं. त्याच्या शेवटच्या भागात बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं. भाईजानचा तो भाग गेला, म्हणून त्याचं इंजेक्शन आता आयुष्यभर घ्यायचं.

पहिले सात महिने रात्रभर छातीजवळच्या मोठ्या शिरेतून पोषण द्यावं लागलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत यशस्वी केली. पण त्या नळीवाटे जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. नळीला हात लावण्याआधी भाभी घड्याळ लावून हात धुवायच्या.

नवल वाटलं ते पाण्याचं. तेव्हा त्यांच्या पोटावर पिशवी होती. साधं पाणी जास्त प्यायलं, की ते शरीरातलं मीठ घेऊन पिशवीत उतरायचं आणि तहान आणखी वाढायची. मीठ-साखरेचं पाणी मात्र शोषलं जातं, कारण साखरेतलं ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आतड्याच्या पेशीत शिरतं. तेही दिवसभर घोटघोट प्यायचं.

पुढे आतडं मोठ्या आतड्याला जोडलं, पिशवी गेली. उरलेलं आतडंही एक-दोन वर्षांत जास्त काम करायला शिकतं. भाईजानचं सलाईन सुटलं. सगळ्यांचं सुटत नाही.

रोजे मात्र डॉक्टरांनी कायमचे बंद केले. आजाऱ्याला ही सवलत कुरआननेच दिली आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. भाईजान हा फिदया न चुकता देतात. तरीही रमजानमध्ये दिवसा पाणी पिताना ते पडदा ओढून घेतात. मोहल्ल्यात कुणीतरी म्हणालं होतं, ‘चालता-फिरता आहात, मग रोजा का नाही?’

मला तो पडदा खुपतो. अल्लाहने दिलेली सवलत माणसांपासून लपवावी लागते, हे त्यांच्या आजारापेक्षा जड आहे. तुमच्या घरात, शेजारी असं कुणी असेल, तर हिशेब विचारू नका. ताटात आग्रहाने वाढूही नका. ‘तुम्हाला काय चालतं?’ एवढंच विचारा आणि ते थोडं थोडं, सहा वेळा, सगळ्यांसमोर निवांत खाऊ द्या.