शिवणकाम माझी हौस आहे, नेमून दिलेलं काम नाही

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही रविवारी घरी मशीनवर कपडे शिवत बसता म्हणे. आपल्या पोरींच्या हातात पुस्तक द्यायचं की सुई?" चार-पाच जण हसले. प्रश्न चेष्टेत विचारला होता, पण त्यामागची शंका खरी आहे आणि ती चळवळीतल्या अनेकांच्या मनात असते. म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं.

आधी त्या शंकेची बाजू मांडते, कारण ती माझीही बाजू आहे. आपल्या वस्तीतल्या बाईचं भलं करायचं म्हटलं की सरकारला, पुढाऱ्याला आणि समाजसेवकाला पहिली आठवण होते ती शिलाई मशीनची. हार, फोटो, मशीन वाटप, टाळ्या. पोरगी बी.एस्सी. झालेली असली तरी तिच्यासाठी मशीन. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत: शिंपी, चांभार, न्हावी, परीट, कुंभार. कर्ज द्या, प्रशिक्षण द्या, त्याला आमचा विरोध नाही. पण बापाचा धंदा पोरानं पुढे चालवावा, याचा गौरव सरकारनं का करावा? ज्या व्यवस्थेनं जन्मावरून काम ठरवलं, तिलाच 'परंपरा' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं का? तेव्हा सुई पाहून आंबेडकरी तरुण सावध होत असेल तर तो बरोबर सावध होतो.

माझ्या घरात तर हा विषय पुस्तकातला नाही. सोलापूर हे कापडाचं गाव. 1870 च्या दशकात इथं पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला लोक जुनी मिल म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, आणि एकेक करून सगळ्या बंद पडल्या. उरले ते पूर्व भागातले यंत्रमाग, चादर, टॉवेल, आणि आता शाळेचे गणवेश. इथं शिवलेले गणवेश दूरदूरच्या राज्यांतल्या पोरांच्या अंगावर जातात. त्या गणवेशांवर माझ्या आईनं 22 वर्षं टीप मारली. एका छोट्या कारखान्यात नगावर काम. जेवढे नग तेवढे पैसे, सुट्टी घेतली तर शून्य.

आईनं एवढ्या वर्षांत तिथं एकही शर्ट पूर्ण शिवला नाही. ती फक्त खिसे लावायची. कॉलर दुसरी बाई करायची, बाह्या तिसरी, काजं-बटणं चौथी. कापड यायचं ते नंबरावर कापलेलं: 28, 30, 32. कोणत्या पोराच्या अंगावर जाणार, काही माहीत नाही. आईचा उजवा खांदा आज डाव्यापेक्षा खाली आहे. मी पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून मशीन घरी आणली तेव्हा ती म्हणाली, "काय करायलीस गं हे? ज्या मशीननं माझी पाठ मोडली, तिच्यावर तू हौस करणार?"

तिचा हा प्रश्न त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नापेक्षा जड आहे. त्याला टाळून पुढं जाता येत नाही.

मी काय करते ते सांगते. मी नोकरी करते, संध्याकाळी बैठका, वर्ग, कधी पोलीस ठाण्यात कुणासोबत जायचं असतं. रविवारी दुपारी दोन-तीन तास माझे. नवी पेठेतून अडीच मीटर सुती कापड आणते. आधी रात्रभर पाण्यात भिजवते, कारण सुती कापड आटतं. भिजवल्याशिवाय कापलं तर पहिल्या धुण्यात कुर्ता आखूड होतो. मग वाळवून, इस्त्री करून, कागदावर काढलेला साचा ठेवून खडूनं आखते. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल कापावा लागतो, कारण माणसाचे हात पुढे चालतात. बाहीचा वरचा घेर मुंढ्याच्या मापापेक्षा किंचित जास्त ठेवायचा आणि एकही चुणी न दिसता तो बसवायचा. ते जमलं की जो आनंद होतो तो मला कुणाला समजावून सांगता येत नाही. पातळ कापडाला 11 नंबरची सुई, जाड कापडाला 16. गळ्याची पट्टी तिरप्या कापडाची, म्हणजे ती गोलाईला वळते. सगळं हिशेबाचं काम आहे. भूमिती आहे, अपूर्णांक आहेत. पुस्तक आणि सुई यांत भांडण लावणाऱ्यानं एकदा बाही बसवून पाहावी.

आणि खिसे. बाजारातल्या बायकांच्या कुर्त्याला खिसा नसतो, असला तर रुमालही मावत नाही. मी माझ्या प्रत्येक कुर्त्याला दोन खोल खिसे लावते. एकात फोन, दुसऱ्यात पेन आणि पावती पुस्तक. खिसे लावायला मला आईनं शिकवलं. कोपऱ्याला उलटी टीप कशी मारायची, म्हणजे तो कधी उसवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला येत नाही.

कपडा ही आपल्यासाठी कधीच निव्वळ फॅशनची गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रं घालावीत असा नियम आहे. जी मनुस्मृती बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळली, तिच्यात आपल्या अंगावर काय असावं हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये नोंदवलंय की महार बाईला लुगड्याचे काठ निऱ्यांखाली लपवून नेसावं लागे. काठ दिसू देण्याचा मान वरच्या जातीच्या बायकांचा. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब 1928 सालची इंदूर भागातली हकीकत देतात. तिथल्या सवर्णांनी बलाई लोकांवर अटी लादल्या: जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार कपडे आणि जाकिटं घालायची नाहीत. केरळात त्रावणकोर संस्थानात नाडार बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं लढावं लागलं, तेव्हा कुठं 1859 मध्ये तो हक्क जाहीर झाला.

म्हणून तर महाडच्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या बायकांशी वेगळं बोलले. त्यांनी सांगितलं की जात ओळखू येईल असं नेसणं सोडा, लुगडं पायापर्यंत नेसा, अंगावरचे जड कथलाचे दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा. आणि बायकांनी ते लगेच अमलात आणलं. भाषण ऐकून घरी जाऊन विचार करू, असं म्हणाल्या नाहीत. हा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये जपून ठेवलाय. प्रत्येक तरुणानं वाचावा.

आता शिवण्याचंच बघा. आपल्या आज्यांना सुई येत नव्हती असं नाही. ठिगळ येत होतं, वाकळ येत होती. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा घालत त्या रात्र काढायच्या. पण नव्या कापडाला कात्री लावायची संधी किती जणींना मिळाली? आणि शिंप्याकडे गेलं तर? 2006 मध्ये 11 राज्यांतल्या 565 गावांतल्या अस्पृश्यतेची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात जे प्रकार नोंदवलेत, त्यांत शिंप्यानं दलितांचं माप घ्यायला नकार देणं हाही एक आहे. माप घ्यायचं तर अंगाला टेप लावावा लागतो. अंगाला हात लागतो. शिवाशिव तिथंच अडते.

दोऱ्याचीही तीच कथा. सुईत दोरा ओवताना आपण त्याचं टोक ओठात धरून ओलं करतो. कुणीही करतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात धोट्यातली कांडी बदलताना दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार. म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत, आणि जास्त पगार नेमका त्याच खात्यात होता. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावटा हातात होता, पण दोऱ्याला लागलेली थुंकी कुणाची, हे पाहणं सुटलं नव्हतं. दर रविवारी दोरा ओठात धरताना मला हे आठवतं.

आता मुद्द्यावर येते. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचं म्हणणं आपल्याला पाठ आहे. पण त्याच ठिकाणी ते आणखी एक गोष्ट सांगतात, तिकडे आपलं कमी लक्ष जातं. जातीनं दिलेल्या कामात माणसाची आवड, त्याची निवड यांना जागाच नसते, आणि ज्या कामात मन आणि बुद्धी दोन्ही नाहीत ते काम माणूस टाळायलाच बघतो. म्हणजे आवड हा क्षुल्लक प्रश्न नाही. जातीनं आपली जमीन घेतली, पाणी घेतलं, अक्षर घेतलं, आणि कामातली आवडही घेतली. ती परत मिळवणं हेसुद्धा चळवळीचं काम आहे.

दुसरी गोष्ट, फुरसत. 1924 मध्ये गांधीजी यंत्रांविरुद्ध बोलत होते, तरी सिंगरच्या शिलाई मशीनला त्यांनी अपवाद केला होता. बाबासाहेबांना असा अपवाद करायची गरज पडली नाही. 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी स्वच्छ मांडलं की माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं आणि सुसंस्कृत जगणं द्यायचं तर फुरसत हवी, आणि फुरसत यंत्रामुळे मिळते. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. तिची पाठ मशीननं मोडली नाही. नगाच्या दरानं मोडली, दहा-दहा तासांच्या बैठकीनं मोडली, मालकाच्या वहीनं मोडली. तीच मशीन, तीच टीप. पण तिथं वेळ मालकाचा होता, इथं वेळ माझा आहे. मी तिच्यासाठी ब्लाउज शिवला तेव्हा उजव्या आणि डाव्या खांद्याचं माप वेगवेगळं घेतलं. आयुष्यभर नंबरावर शिवलेल्या बाईच्या अंगाचं माप तिच्याच घरात घेतलं गेलं. ती आरशासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बसलं बरोबर."

म्हणून माझं उत्तर असं आहे. मुलीला मशीन देऊन तिचं कॉलेज सोडवत असाल तर त्या मशीनला माझा विरोध आहे. शिवणकाम बाईनंच करावं, असं म्हणत असाल तर तेही मान्य नाही. वर्गात हसणाऱ्या पोरांनी आधी स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला शिकावं. आणि आपल्या शहरात नगावर राबणाऱ्या बायकांचा दर, भविष्य निर्वाह निधी, कामाचे तास यांवर संघटना उभी करणं हे माझ्या रविवारच्या हौसेपेक्षा शंभर पटीनं महत्त्वाचं आहे. त्या कामात मी आहे, तुम्हीही या.

पण एवढं करूनही हाताला काही करावंसं वाटत असेल, कुणाला शिवावंसं, कुणाला चित्र काढावंसं, कुणाला तबला वाजवावासा वाटत असेल, तर ते लपवू नका. हौस ही फक्त पोट भरलेल्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट, असं आपण का मान्य करायचं? येत्या 14 एप्रिलसाठी मी पांढरं कापड आणून भिजत घातलंय. गळ्याला निळी पट्टी लावणार आहे आणि दोन खोल खिसे. ज्याला शिकायचं असेल, मुलगा असो की मुलगी, त्यानं रविवारी यावं. टेप आणि कात्री माझी, कापड तुमचं.

जय भीम!