उन्हातली वाडी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा, दिवेआगर

नव्या घरापुढे पहिली गुढी उभी राहिली. कडुलिंबाचा डहाळा शेजारच्या आजींनी पाठवला. आमच्या आवारात समुद्राच्या अंगाला तीन माड आणि चिऱ्याने बांधलेली विहीर एवढंच शिल्लक आहे. बाकीच्या अकरा गुंठ्यांवर सकाळी नवापासून ऊन.

घर सासऱ्यांच्या जुन्या जोत्यावरच बांधलं. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब आणि स्लॅबवर मंगलोरी कौलं. नुसत्या कौलांची छपरं २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कशी उडाली ते या गावाने पाहिलंय, म्हणून स्लॅब. आणि नुसत्या स्लॅबखाली वैशाखात माणूस भाजून निघेल, म्हणून कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसदार. दुपारनंतर एकदम वारा सुटतो तो परसदारातून शिरतो आणि रस्त्याकडच्या दाराने निघून जातो. तेवढा वेळ घर सुखाचं असतं.

१६ एप्रिल

खारी हवा आपलं काम करू लागली. खिडक्यांच्या गजांवर तांबूस ठिपके, आरशावर चिकट थर. कडी-कोयंडे पितळेचे घेतले होते, ते शाबूत आहेत. यांनी गज घासून रेड ऑक्साइडचा हात दिला. सुताराने बोर्लीहून येताना आठवणीने पितळी स्क्रू आणले.

२ मे

आज दिवसभर विहिरीचाच विषय. पाणी खाली गेलंय, पण गोड आहे. आजी आल्या, कळशीतलं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं आणि म्हणाल्या, "अजून बरं आहे. पंप जपून लावा गो, सूनबाई. डाळ शिजेनाशी झाली की समजा पाणी बिघडलं."

या किनाऱ्यावरच्या विहिरींचं शास्त्र मी इथे येण्याआधी वाचलं होतं, पण विहिरीच्या कठड्यावर बसून ते नीट उमजलं. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं पाणी जड. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंड आणि जर्मनीच्या किनाऱ्यांवर अभियंत्यांनी याचं गणित मांडलं: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर सपाटीच्या खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हेच उलटं धरलं की धडकी भरते. वरची पातळी हातभर उतरली तर खालचं खारं पाणी कितीतरी वर चढू पाहतं. विहिरीच्या तळाशी जोराने उपसा केला की खारं पाणी नेमकं तिथेच वर ओढलं जातं आणि एकदा चढलेलं खारं पाणी पुन्हा खाली बसायला पावसाळे जावे लागतात.

पूर्वी विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी भरून यायची, पाणी पाटाने आळ्यांत जायचं. त्या संथ उपशात विहिरीला दम घ्यायला वेळ मिळायचा. रहाटाचा दगडी आधार अजून काठावर आहे, तो गवंड्याला हलवू दिला नाही. अर्ध्या अश्वशक्तीचाच पंप बसवला, त्याचा फूटव्हॉल्व्ह तळापासून बराच वर ठेवला, आणि सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवायचा असं ठरवलं. अलिबाग-मांडव्याच्या बाजूला नव्या बंगल्यांभोवती एकरभर हिरवळ राखलेली दिसते, उन्हाळ्यातही चारदा फवारलेली. मला ते पाहवत नाही. शेजारच्या विहिरीचं पाणीही त्याच वाळूतलं असतं.

आम्ही न्हाणीघराचं आणि भांड्यांचं पाणी परसदारी चर काढून सोडलं आहे. तिथे अळू आणि केळी. कोकणातल्या प्रत्येक जुन्या घरामागे हेच होतं.

१० मे, अक्षय्य तृतीया

माडांसाठी खड्डे घेतले. लांब, रुंद, खोल एकेक मीटर; दोन माडांत साडेसात मीटर. वाळू कडेने ढासळते, म्हणून वाडीत कामाला येणारा दादा हळूहळू खणतो. तळाशी नारळाची सोडणं मांडली, पोकळ बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडणात पाणी धरून राहतं. त्यावर लाल माती आणि कुजलेलं शेणखत. वाळूच्या जमिनीत पाणी थांबत नाही, ही तिची अडचण. सोडणं ते थांबवतात, आणि ती कुजतील तोवर मुळं खाली गेलेली असतील.

आळ्यांच्या कडेने आज मुहूर्ताला दुधी आणि पडवळ टोकला.

३ जून

चार वर्षं झाली. आज गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. ३ जून २०२०, दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. कोरोनाची टाळेबंदी चालू, आम्ही ठाण्यात अडकलेले, फोन बंद. सासऱ्यांच्या घरावर माड पडून आढं मोडलं, हे आम्हाला कळलं ते दोन दिवसांनी.

आजी त्या दुपारी माजघरात खांबाला धरून बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात घरापेक्षा पोफळीच जास्त येतात. "कडाकड मोडत होत्या. एक पडली की शेजारचीला घेऊन पडायची. वारा थांबल्यावर दार उघडलं तर परसातून समुद्र दिसला. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या परसातून समुद्र कधी दिसला नव्हता."

पोफळ सडपातळ असते आणि दोन मजल्यांहून उंच वाढते. गुंठ्याला तेरा-चौदा झाडं, इतकी दाट लावलेली. एकमेकींच्या आधाराने ती वाऱ्यात डोलतात, पण रांगेत खिंडार पडलं की पुढची रांग उघडी पडते. जायफळाची मुळं वरच्यावर पसरलेली, ती झाडं मुळांसकट उलथली. आणि त्या दिवशी जी पोफळ वाचली, तिचं पुढे काय झालं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शेजारणी गेल्या, त्यामुळे दुपारचं ऊन थेट खोडावर आलं. नैऋत्येकडची साल आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग तडकली, आणि एक-दोन वर्षांत झाड तिथूनच मोडलं. उरलेल्या खोडांना झावळ्या गुंडाळत लोक फिरत होते. वादळ एका दुपारचं होतं, ऊन रोजचं होतं.

सरकारी मदत आधी हेक्टरच्या हिशेबाने जाहीर झाली. इथे वाड्या गुंठ्यांच्या, हातात काय येणार? पुढे झाडामागे मदत ठरली, पोफळीला ५० रुपये आणि माडाला २५०. इथल्या रोठा जातीच्या सुपारीचं झाड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरतं आणि मग दोन पिढ्यांना पुरतं. ज्यांचं सगळं घर त्यावर चालायचं, त्यांनी मधली वर्षं कशी काढली ते विचारलं की आजी गप्प होतात आणि चहा ठेवतात.

आमचं घर दोन वर्षांत उभं राहिलं, कारण चिरा, सिमेंट, माणसं सगळं पैसे मोजून मिळालं. सावली तशी मिळत नाही. ती एकाखाली एक अशी क्रमानेच उभी करावी लागते, आणि तोवर या घराला मी पुरतं उभं राहिलेलं घर म्हणणार नाही.

९ जून

पाऊस आला. कौलांवर पहिला जोर ऐकत पडवीत बसलो. छपराचं पाणी पन्हळीने वाळू-कोळशाच्या टाकीतून विहिरीत सोडायचं, पण पहिल्या दोन पावसांचं पाणी धूळ धुऊन जाऊ देण्यासाठी बाहेर काढलं.

२३ जून

लावणी. आधी समुद्राच्या अंगाला उंडी. खारा वारा आणि वाळू दोन्ही सोसणारं झाड, पानं जाड नि चकचकीत. जुन्या लोकांनी किनाऱ्याकडे उंडी राखल्या होत्या. बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना. त्याच रांगेत दोन करंज आणि केवड्याची बेटं. वई गिरिपुष्पाची, नुसत्या फांद्या रोवून. तिचा पाला पुढे आळ्यांत खत म्हणून पडेल.

मग माड, बाणवली जातीचे. दादाने रोप खड्ड्याच्या मधोमध धरलं, नारळ जेमतेम झाकेल एवढीच माती ओढली, कोंब मोकळा ठेवला, आणि दोन काठ्या फुलीसारख्या मारून सुंभाने बांधलं. बोटाने माती दाबताना तो कोंबाच्या बुंध्याशी एक कणही राहू देत नव्हता. "वहिनी, इथे पाणी साचलं की कोंब कुजतो," एवढंच बोलला.

आणि केळी, जिथे पुढे पोफळी येतील त्या प्रत्येक ओळीला लागून. पोफळीचं रोप उघड्यावर जगत नाही. केळ वर्षभरात डोक्यावर जाते, तिच्या सावलीत पोफळ मोठी होते, आणि पोफळीला स्वतःची सावली आली की केळ काढून टाकायची. गावातल्या दोन-तीन ओळखीच्यांनी विचारलं, रोपं मिळतायत तर याच पावसात सुपारी का लावत नाही? मन माझंही ओढ घेतं. पण या वाडीत आज सावली नाही, आणि येत्या मार्च-एप्रिलमध्ये रोपांवर कुणीतरी सावली धरली पाहिजे. ते काम केळीचं.

१८ जुलै

पाऊस उघडत नाही. आजींच्या उरलेल्या पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी राहिली आहे; चढणारा माणूस निसरड्या खोडावर जायला तयार नाही, आणि तेच बरोबर आहे. पंचे वाळत नाहीत. माजघरात शेगडी ठेवून वर दोरी बांधली.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

भरडखोलच्या कोळीवाड्यात समुद्राला नारळ. इकडे आमच्या जुन्या माडांपैकी एकाच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या निघाल्या. गेंड्या भुंगा. दादा वर चढला, कोंबाजवळच्या भोकात तारेचा आकडा घालून फिरवला. आधी चोथा बाहेर आला, ओला, आंबूस वासाचा. मग आकड्याला टोचलेला भुंगा. काळा, गुळगुळीत, कपाळावर मागे वळलेलं शिंग, पाय अजून हलत होते. भोकात वाळू आणि निंबोळी पेंड भरली. हा किडा माडावर खातो, पण वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. म्हणून संध्याकाळी आमचा खड्डा उपसला. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या, त्या कोंबड्यांनी संपवल्या. आता खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळायची. ती अळ्यांना रोग लावते आणि माणसाला, झाडाला काही करत नाही.

नारळीभात मात्र त्याच माडाच्या नारळांचा झाला.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

नव्या घरात गणपती. मखराला परसदारच्या आपल्याच केळीचे खुंट. ज्यांच्या जागी तसंही पिल्लं धरली आहेत तेच कापले. दूर्वा, आघाडा, तेरडा आवारातच मिळाला. ठाण्याहून मुलं, जावा, भाचरं आली, ओटीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. थोरल्या जाऊबाई सासूबाईंच्या खोलीची जागा शोधत आतबाहेर करत होत्या. जोतं तेच असल्याने त्यांना ती सापडली.

१७ नोव्हेंबर

१९९७ साली याच तारखेला गावातल्या एका वाडीत पोफळींची आळी खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. मार्च २०१२ मध्ये तो चोरीला गेला, रखवालदार मारले गेले. २०२१ च्या नोव्हेंबरात मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली. आज देवळात गर्दी होती. मी दर्शन घेऊन लवकर परतले, कारण दादा आखणीला येणार होता.

केळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, दुपारी त्यांच्या खाली बसता येतं. सुतळी ताणून पोफळींच्या खुंट्या मारल्या. किती अंतरावर, यावर बराच वाद झाला. कृषी विद्यापीठाची शिफारस २.७ मीटर. आजींचं म्हणणं, त्यांच्या सासऱ्यांनी हाताच्या मापाने याहून जवळ लावल्या होत्या आणि उत्पन्न कधी कमी पडलं नाही. शेवटी २.७ धरले. मध्ये चार माडांच्या चौकात एकेक जायफळ बसवायचं आहे आणि वाढलेल्या माडांवर मिरी चढवायची आहे. दाटी केली तर त्यांना जागा उरणार नाही. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडाखाली मसाल्यांची जी लाखी बाग रुजवली, तिचा तक्ता यांनी भिंतीवर चिकटवलाय. दालचिनी कुठे, यावर अजून आमचं एकमत नाही.

श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून दीड वर्षाची रोठ्याची रोपं घ्यायची, तीही पुढच्या जूनमध्ये. दोन ओळी आजींच्याच एका म्हाताऱ्या पोफळीच्या बियांच्या असतील. चारही बाजूंच्या पडल्या तरी ती वादळात उभी राहिली, आणि उन्हानेही तडकली नाही. फळ पूर्ण पिकू द्यायचं, सोलायचं नाही, देठाची बाजू वर करून सावलीत लावायचं. त्यासाठी घड राखून ठेवायला त्यांना आज सांगून आले. त्या म्हणाल्या, दोन घड ठेवते, एक तुझा आणि एक माझ्या वाडीचा.