अमळनेरचे शेअर आणि लेकीची फी

गेल्या रविवारी भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मामू, दोन लाख साठलेत. नावाजलेल्या मोठ्या कंपनीचे शेअर घेऊ की नव्या, वाढणाऱ्या कंपनीचे?"

मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आपल्या खानदेशातलंच बघा ना. अमळनेर!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. १९४५ साली मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. तेव्हा वनस्पती म्हणजे डालडा, अशी लोकांची समजूत. त्यापुढे ही कंपनी नवखीच. पुढे तीच विप्रो झाली, तुपावरून संगणकाकडे वळली. अमळनेरात ज्या घरांनी शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, ती कोट्यधीश झाली.

"पण बेटा, अडीनडीला ज्यांना ते विकावे लागले, त्यांची गोष्ट कुणी सांगतं का? आणि ज्या नव्या कंपन्या बुडाल्या, त्यांची तर नावंही उरली नाहीत."

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून मी एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले होते. पैसा लेकीच्या कॉलेजचा होता. फी भरायची वेळ आली तेव्हा भाव निम्म्यावर. विकायला काढले तर दोन दिवस गिऱ्हाईकच मिळेना. शेवटी बेगमच्या बांगड्या गहाण पडल्या. आजही तो विषय घरात निघाला की मी उठून बाहेर जातो.

मग मोठी कंपनीच बरी का? तसंही नाही. एकेकाळी रस्त्यावर ॲम्बेसेडरचं राज्य होतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि २०१४ मध्ये ॲम्बेसेडर बनणंच थांबलं. मोठी कंपनी हळूहळू खचते, तेवढीच सावरायला सवड मिळते.

आमच्यासारख्या व्याज टाळणाऱ्यांची यादी तर आधीच आखूड. बँका गळतात. कर्जात बुडालेल्या कंपन्याही गळतात, आणि नव्या कंपन्या बरेचदा कर्जावरच वाढतात. म्हणून नाव मोठं असो की छोटं, आधी ताळेबंद उघडावा. कर्ज किती आणि नफा खरोखर हातात येतो का, ते पाहावं.

भाच्याला विचारलं, "या दोन लाखांतले किती लवकर लागणार आहेत?"

जरा थांबून म्हणाला, "दीड लाख. पुढच्या वर्षी आपाचा निकाह आहे."

"मग ते दीड लाख शेअरात घालूच नकोस, ना मोठ्या ना छोट्या. उरलेल्यातले चाळीस हजार जुन्या, कमी कर्जाच्या कंपन्यांत. दहा हजारांत हवी ती नवी कंपनी घे, आणि ते गेले असं समज."

"दहाच हजार? मग अमळनेर कसं होणार, मामू?"

"झालं तर दहा हजारांतही होईल. नाही झालं, तर आपाच्या निकाहात तुला तोंड लपवावं लागणार नाही."