पाणी देण्याआधीचं बोलणं

डाय कोरणाऱ्याला बोलता आलं नाही तरी चालतं, असं आमच्या आधीची पिढी मानायची. मान खाली, भिंग डोळ्याला, हातात छिन्नी-हातोडी. बोलायचं ते शेठने. डहाणूजवळच्या वाणगाव, चिंचणी, वरोर या पट्ट्यात दागिन्यांच्या डायचा धंदा असाच घरोघरी वाढला. पोलादाच्या तुकड्यावर नक्षी उलटी कोरायची. तिच्यावर सोन्या-चांदीचा पत्रा ठेवून दाबला की ती सुलटी उठते. मंगळसूत्राच्या वाट्या, झुमके, देवघरातले टाक, सगळं असंच घडतं.

मला ते मत पटत नाही, आणि त्याचं कारण भट्टीत आहे. कोरून झालेल्या डायला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलं, की पोलाद कडक होतं. मग त्यावर छिन्नी चालत नाही. शिवणाची टीप उसवता येते, इथे तशी सोय नाही. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते पाणी देण्याआधीच काढून घ्यावं लागतं, आणि ते बोलल्याशिवाय निघत नाही.

हल्ली ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. एक फोटो आणि खाली ‘सेम टू सेम, अर्जंट’. हा फोटो दागिन्याचा आहे की दुसऱ्या कुणाच्या डायचा, हे मी आधी विचारतो. समोरच्याला प्रश्न बावळट वाटतो. पण उजेड कुठल्या बाजूने पडलाय ते कळलं नाही, तर फोटोतला खड्डा उंचवटा दिसतो आणि उंचवटा खड्डा. सराईत डोळाही फसतो. कानातल्यांची जोडी असेल तर डावं-उजवं वेगळं कोरायचं का, हा पुढचा प्रश्न.

पण खरं बोलणं पत्र्यावर होतं. सोन्याचा भाव चढला तसा पत्रा पातळ होत गेला. गिऱ्हाइकाला दागिना वजनाला हलका हवा आणि दिसायला मात्र भरगच्च. तयार नग किती ग्रॅमचा, सोनं किती कॅरेटचं, हे विचारल्याशिवाय मी भाव सांगत नाही. 22 कॅरेटचं सोनं मऊ, साच्यात नीट बसतं; 18 कॅरेटचं त्याहून ताठ, दाबल्यावर थोडं मागे येतं. नक्षी खोल आणि तिचा कोपरा टोकदार असला की पातळ पत्रा नेमका तिथेच फाटतो.

हे नुसतं तोंडाने सांगितलं तर समोरच्याला वाटतं, हा कामाला कंटाळलाय. म्हणून फाटलेले पितळी पत्रे मी एका डबीत जपून ठेवलेत. नाही म्हणायचं तर ते हातात देऊन म्हणायचं, आणि लगेच दुसरी वाट दाखवायची: खोली कमी करू, बारीक रेघा वाढवू, त्यावर प्रकाश खेळला की दागिना भरलेला दिसेल. नकाराबरोबर असा पर्याय दिला की गिऱ्हाईक सहसा तुटत नाही. मग मेणावर ठसा घेऊन दाखवतो. ठशाला होकार आल्याशिवाय पाणी नाही, हा आमच्याकडचा नियम.

तारखेबद्दल आम्ही मंडळी फार सैल. ‘होऊन जाईल’ म्हणून मोकळे होतो. लग्नसराईत एक डाय अडला की तिकडे दागिना घडवणारा कारागीर हात बांधून बसतो. उशीर होणार हे आपल्याला आधी कळलेलं असतं. तेव्हाच फोन केला तर तो दुसरं काम पुढे घेतो. ठरलेल्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, मग त्याचा हात कितीही सफाईचा असो.

बोईसरला इंग्रजी संभाषणाचे क्लास आहेत. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला त्याचा उपयोग असेलही. पण आमचे डाय जातात त्या मुंबईच्या झवेरी बाजारात गुजराती, हिंदी आणि कारागिरांची बंगाली चालते. गुजराती तर डहाणूकडच्या माणसाला शेजारामुळेच येते. तेव्हा क्लासपेक्षा मी मुलांना बाजारात पाठवतो. 2013 पासून डहाणूहून चर्चगेटपर्यंत लोकल आहे. मरीन लाइन्सला उतरायचं, काळबादेवीतून चालत जायचं आणि आपला डाय जो कारागीर वापरतो त्याच्याजवळ जाऊन बसायचं. पत्रा कुठे अडकतो, कुठे तो बोटाने दाबून सारखा करावा लागतो, हे शेठला ठाऊक नसतं. कारागिराला असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

सीएनसी मशीन आल्यापासून हाताने कोरणाऱ्यांची कामं कमी झाली, हे खरंच आहे. मशीन भराभर कोरतं, पण पत्रा फाटेल अशी रेघ दिली तरी मुकाट्याने तीच कोरतं. जुनी गिऱ्हाइकं आमच्याकडे अजून येतात ती आम्ही हटकतो म्हणून.

झवेरी बाजारातल्या मंडळींना मात्र एक विनंती आहे. फोटो पाठवताना नगाशेजारी मोजपट्टी ठेवा, आणि ज्या पत्र्यात माल काढायचाय त्याचा एक तुकडा सोबत पाठवा.