अब्बांची येझदी आणि चाळीस हिस्से

घरातले वडीलधारे माणूस गेले की घर, जमीन, दुकान यांची वाटणी आज ना उद्या होतेच. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल मात्र कुणी हिशेबात धरत नाही. ती गंजत राहते आणि एके दिवशी भंगारवाला तिला वजनावर घेऊन जातो. आमच्या मिरजेच्या घरीही अशी एक गाडी होती. अब्बांची येझदी रोडकिंग.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. अब्बांनी ही गाडी १९८९ मध्ये घेतली होती. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन, आणि किक व गिअर यांची डाव्या बाजूला एकच दांडी. दांडी वर फिरवून किक मारायची, इंजिन सुरू झाले की तीच खाली आणून गिअर टाकायचा. नवख्या माणसाला हे जमत नसे, म्हणून गाडी चोरीला जाण्याची भीती नाही, असे अब्बा हसत म्हणायचे.

अब्बा कापडाचे गठ्ठे मागे बांधून तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या आठवडी बाजारांना जात. घर त्यावरच चालले. आपाला सांगलीच्या डी.एड. कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा बिरादरीत कुजबुज झाली. अब्बा कुणाला काही बोलले नाहीत. दोन वर्षे रोज सकाळी तिला येझदीवर कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून मग बाजाराला गेले. आपा आज शिक्षिका आहे.

२०१५ नंतर अब्बांचे गुडघे दुखू लागले आणि गाडी पडवीत गेली. २०१७ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. पुढे कित्येक वर्षे त्या ताडपत्रीला कुणी हात लावला नाही. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचा एक शौकीन दारात आला आणि २० हजार देतो म्हणाला. आमच्यातल्या धाकट्याला पैशांची नड होती. विकून टाकू, असे तो म्हणाला आणि त्यात गैर काही नव्हते. आपाला फोन केला तर ती एवढेच म्हणाली, "विकण्याआधी हिस्से तर काढा."

आम्ही कागद घेऊन बसलो. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत हे सारे अब्बांच्या मागे लगेच निपटले होते, राहिली होती वाटणी. मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे एकूण ४० हिस्से झाले. अम्मीचे ५, आम्हा भावांचे १४-१४ आणि आपाचे ७. किंमत २० हजार धरली तर एक हिस्सा ५०० रुपयांचा.

आपा म्हणाली, "माझे सात हिस्से म्हणजे कोणते? पुढचे चाक की सीटचा मागचा भाग?" सगळे हसले. मग ती म्हणाली, "बाकीचे हिस्से मी विकत घेते. गाडी मला हवी आहे." भावांचे १४ हजार तिने दोन हप्त्यांत दिले. अम्मीचे अडीच हजार पुढे केले तेव्हा अम्मी म्हणाली, "मेरे पाँच हिस्से रहने दो, मेरेकू खाली एक चक्कर मारके लाओ."

आता गाडी चालू करणे भाग होते. मेच्या सुट्टीत आम्ही दोघे भाऊ, आपाची मुलगी आणि अब्बांच्या ओळखीचे एक मिस्त्रीचाचा कामाला लागलो. इंजिन जाम होते. चाचांनी पहिली ताकीद दिली की किकवर जोर काढायचा नाही, रिंग तुटते. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतले आणि गाडी तीन दिवस तशीच ठेवली. चौथ्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचे चाक हळूहळू पुढेमागे केले. पिस्टन सुटला तेव्हा पडवीतून आपाच्या मुलीची आरोळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

टाकीत जुन्या पेट्रोलचा चिकट थर आणि गंज होता. मूठभर नट टाकून, सिरका भरून टाकी रात्रभर ठेवली, मग हलवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळवली. कार्बोरेटरचे जेट तुंबले होते. त्यात जाड तार घातली तर भोक मोठे होते, म्हणून ते पेट्रोलने आणि हवेच्या दाबाने साफ केले. क्रँकची रबरी सील कडक झाली होती. टू-स्ट्रोक इंजिनात तिथून हवा शिरली तर मिश्रण कोरडे पडते आणि पिस्टन पुन्हा धरतो, म्हणून ती बदलली. टायर वरून बरे दिसत होते, पण बाजूला भेगा होत्या. टायर, ब्रेक लायनर आणि सगळ्या केबल नव्या घातल्या. मजुरीसकट १९ हजार लागले. ते आपाने दिले, भावांनी अंगमेहनत दिली.

कागदांचे कामही तितकेच महत्त्वाचे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत २०१९ मध्येच संपली होती, दंड भरावा लागला. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडली. आमच्या घरातल्या कागदांवर 'हक्क सोडला' म्हणून बहिणीची सही घेतली जाते. या कागदावर भावांनी सही केली आणि नाव बहिणीचे लागले.

अम्मीची चक्कर झाली. बाजारपेठेतून, दर्ग्यापर्यंत आणि परत. गाडी आपाची मुलगी चालवत होती. परतल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की आवाज तोच आहे.

घरी अशी गाडी असेल तर दोन गोष्टी सांभाळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका. लिटरमागे ४० ते ५० मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळा. आणि गाडी उभी करण्याआधी घर दिसू लागले की पेट्रोलचा कॉक बंद करा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. आपाची मुलगी गल्लीच्या तोंडाशीच कॉक बंद करते, आणि गाडी बरोबर दारापर्यंत येते.